तुम्ही पाठवलेलं बीपीचं मशीन परत पाठवत आहे

तीर्थरूप अक्का,

तुमच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा शिरसाष्टांग नमस्कार. (नमस्कार मनातल्या मनात घातला आहे असं समजा. मध्यंतरी खाली वाकलो की गरगरायचं, तेव्हापासून वाकायची धास्तीच बसली आहे. हे कुणामुळे झालं ते पुढे येईलच.) तुमचे गुडघे काय म्हणतात? जिना अजून उलट्या पावलांनी उतरता का? साडूभाऊंचा खोकला थांबला असेल तर उत्तम. थांबला नसेल तरी कृपा करून त्यांना कसलंही मशीन आणून देऊ नका. आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत असं पत्रात लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. आता खरं काय ते लिहितो.

पत्रास कारण की, तुम्ही प्रेमाने पाठवलेलं बीपीचं मशीन मी परत पाठवतो आहे. तुमच्या प्रेमाबद्दल तक्रार नाही, मशीनबद्दल आहे. मागे तुम्ही आमच्याकडे राहायला आला होतात तेव्हा एका दुपारी दुकानात येऊन बसलात आणि नेमका त्याच वेळी तो सोनेरी फ्रेमवाला आला. आठवतो ना? स्वतः सोनेरी पट्टी निवडली, बोटाने दाखवली, आणि फ्रेम तयार झाल्यावर म्हणतो कसा, की ही पिवळी दिसते. आता सोनेरी पिवळी दिसणार नाही तर काय निळी दिसणार? मी आवाज चढवला हे कबूल, पण एवढी वर्षं फोटोंना फ्रेमा करणाऱ्या माणसाने अशा वेळी आवाज नाही चढवायचा तर केव्हा चढवायचा? तुम्ही तेव्हा चहात बिस्किट बुडवत माझ्या तोंडाकडे बघत राहिलात. मला वाटलं, अक्कांना माझा मुद्दा पटला. आणि नंतर हे पार्सल! मी केक असेल म्हणून सुरी घेऊन बसलो होतो. आत निघाला एक पट्टा, एक नळी, एक पांढरा डबा आणि तुमची चिठ्ठी, "रागावण्याआधी एकदा लावून बघत जा." अहो अक्का, राग काय दारावरची घंटा वाजवून येतो का?

तर त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्या दंडाला काही किंमत उरली नाही. रोज सकाळी तुमची बहीण मला जेवणाच्या टेबलापाशी ताठ पाठीच्या खुर्चीत बसवते. पाय जमिनीला टेकलेले हवेत. पायावर पाय टाकायचा नाही. हात छातीच्या उंचीवर यावा म्हणून त्याखाली सोफ्याची उशी, तीवर दुमडलेलं ब्लँकेट, आणि त्यावर माझा हात, दुकानात विकायला मांडल्यासारखा. पाच मिनिटं गप्प बसायचं. (मला पाच मिनिटं गप्प बसवणं तुमच्या बहिणीला लग्नापासून जमलं नव्हतं, ते तुमच्या मशीनने जमवून दिलं, याबद्दल ती तुम्हाला दुवा देते.) आणि ही पाच मिनिटं ती स्वतः मात्र बोलणार. गॅसवाल्याला फोन केलात का? केला नसेल तर का नाही केला? आणि मी तोंड उघडलं रे उघडलं की, "बोलू नका, आकडा चढेल!" आता तुम्हीच सांगा, आकडा बोलल्याने चढेल की न बोलू दिल्याने?

इथे तुमच्या बहिणीच्या एका सवयीबद्दल लिहिणं भाग आहे. तुम्ही तिच्याबरोबर लहानाच्या मोठ्या झालात, तेव्हा तुम्हाला ती ठाऊक असेलच, पण तिचा जाच नवऱ्याला किती होतो ते ठाऊक नसेल. ही बाई कुठलीही गोष्ट आधी स्वतःवर करून पाहिल्याशिवाय माझ्यापर्यंत येऊ देत नाही. माझ्या चहाचा पहिला घोट तिचा. आंघोळीच्या पाण्यात आधी तिचं कोपर. मी नवे बूट आणले की ते घालून ती बैठकीच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फटक फटक चालून येते आणि मग सांगते, टाचेला चावतात, बदलून आणा. (तिच्या पायाचं माप माझ्या निम्मं आहे. चावणार कसे?) दाताच्या डॉक्टरने मला गुळण्या करायला औषध दिलं तर आधी तिने गुळणी केली आणि कडू आहे म्हणून मला लिंबाची गोळी तयार ठेवली. माझी पत्रंसुद्धा पाकीट बंद करायच्या आधी ती वाचून बघते, शुद्धलेखन तपासते म्हणे. हे पत्र मी म्हणूनच दुकानात, काच कापायच्या टेबलावर बसून लिहितो आहे. मध्ये कुठे कागदाला डिंक लागला असेल तर माफ करा.

मशीन आलं आणि घरातल्या प्रत्येकाला, घराबाहेरच्याही प्रत्येकाला, हृदय या विषयात गोडी उत्पन्न झाली. लेकीचा रोज फोन. बाबा, वरचा किती, खालचा किती? मला आधी वाटलं, वरचा म्हणजे डोक्याकडचा आणि खालचा म्हणजे पायाकडचा. शेवटी आमच्या बायपास मास्तरांनी खुलासा केला. (हे निवृत्त शिक्षक, दुकानासमोर राहतात. त्यांचं बायपास झाल्यापासून ते रोज माझ्या दुकानातल्या स्टुलावर येऊन बसतात आणि जगातल्या कुठल्याही गोष्टीवर बोलताना सुरुवात "माझ्या बायपासच्या वेळी" अशी करतात.) ते म्हणाले, हृदय आवळतं तेव्हाचा दाब वरचा आणि ते सैल पडून विश्रांती घेतं तेव्हाचा खालचा. ऐकून बरं वाटलं. घरात निदान एका अवयवाला तरी विश्रांती मिळते म्हणायची. मग पुढचे प्रश्न सुरू. डाव्या हाताचा घ्यायचा की उजव्या? कॉफी प्यायल्यावर किती वेळाने? नाडी जलद म्हणजे बीपी जास्त का? (नाही म्हणे. दोन्ही वेगळ्या गोष्टी. मास्तरांनी हे मला इतक्या वेळा सांगितलं की माझ्या दोन्ही गोष्टी वाढल्या.) एकदा झोपेत तुमच्या बहिणीचा हात माझ्या पायाला लागला आणि तिने मला गदागदा हलवून उठवलं, पाय गार आहेत, रक्त पोचत नाही वाटतं! अहो, मी नुकताच अनवाणी फरशीवरून पाणी पिऊन आलो होतो. मोजे घालून झोपवलं मला. पावलांना घाम फुटला तेव्हा म्हणाली, बघा, पोचलं रक्त.

आणि मीठ! मिठाबद्दल लिहायला बसलो तर दुसरं पाकीट लागेल. टेबलावरची मिठाची बाटली गेली, लोणचं गेलं, भाजी अशी झाली की डोळे मिटून खाल्ली तर कुठली भाजी आहे ते सांगणाऱ्याला मी बक्षीस देईन. मी खारे दाणे दुकानात खिळ्यांच्या डब्यात लपवून ठेवले. ते दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलण्याच्या भरात दाण्याऐवजी खिळा चावला. दाढेचा टवका उडाला तो अजून जिभेला लागतो.

एवढं सगळं निमूट सोसत होतो, तर लेकीने फर्मान काढलं की डॉक्टरांना दाखवाच. दुकानात कुणीतरी हवं म्हणून तुमची बहीण तिकडे बसली आणि मी मशीन कापडी पिशवीत घालून एकटा दवाखान्यात गेलो. बाकावर माझ्या आधी बसलेले लोक एकेक करून आत जात आणि बाहेर यायचं विसरत. एक बाई तर बाहेर येऊन चप्पल घालून "एकच विचारायचं राहिलं" म्हणत पुन्हा आत गेल्या. समोर भिंतीवर हृदयाचं चित्र, उभं चिरलेलं, निळ्या-लाल नळ्या बाहेर लोंबताहेत, आणि फ्रेम तर अशी वाकडी लावलेली की चारही कोपऱ्यांच्या जोडांत फटी. कुणी केली असेल ही फ्रेम? मी तासभर त्या फटींकडे बघून बघून असा काही तापलो की आत गेल्यावर डॉक्टरांनी पट्टा लावला तर आकडा चढलेलाच. मी फ्रेमचं सांगायला लागलो, ते म्हणाले बोलू नका. मग त्यांनी घरचं मशीन मागितलं. त्यावर एक बटण असतं, ते दाबलं की मागचे सगळे आकडे दिसतात, हे तुम्ही चिठ्ठीत लिहिलं असतंत तर पुढचं महाभारत टळलं असतं. डॉक्टर बटण दाबत गेले आणि त्यांच्या भुवया वर वर सरकत गेल्या. रोज सकाळी आधी एक मोठा आकडा, एकशे सत्तरच्या आसपास, आणि दहा-पंधरा मिनिटांनी एकशे तीसच्या आतबाहेर. रोज. न चुकता. म्हणाले, इतकं नेमाने चढणारं आणि उतरणारं बीपी मी आजवर पाहिलेलं नाही. खोटं कशाला बोलू, अक्का, मला जरा अभिमानच वाटला. आपल्यातही काही विशेष आहे असं डॉक्टरांनी सांगणं रोज होत नाही. त्यांनी गोळी लिहून दिली.

गोळीने काय झालं ते ऐका. खाली वाकून उठलो की दुकान गोल फिरायचं. बेकरीवाल्याने आपल्या आजोबांचा फोटो मोठा करून आणला होता, मिशा पिळलेले, मांडीवर हात ठेवून खुर्चीत बसलेले आजोबा. फ्रेम ठोकून झाली होती, काच बसवायची राहिली होती, म्हणून स्टुलावर आडवी ठेवली. टेबलाखाली पडलेला खिळा उचलायला मी वाकलो, उठलो, आणि जग एकदम लांब गेलं. मी हाताने आधार शोधत जो बसलो तो थेट आजोबांच्या मांडीवर. फ्रेमचे जोड उखडले, पुठ्ठा मधोमध दुमडला, आणि बेकरीवाला त्याच वेळी दारात उभा. काच बसवलेली नव्हती म्हणून मी आज बसून पत्र लिहू शकतो आहे. तो माणूस अजून मला पाव देतो, पण कडेचा देतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. या प्रकारानंतर माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी संप पुकारला. दंड दाखवणार नाही म्हणून सांगितलं, न्हाणीघराची कडी लावून घेतली आणि मशीन पिशवीत टाकून सरळ दुकान गाठलं, तिथून दवाखान्यात जाऊन गोळीचा जाब विचारायचा या बेताने. मास्तर स्टुलावर होतेच. (आजोबांना मी भिंतीला टेकवून ठेवलं होतं.) त्यांनी बघू बघू करत मशीन हातात घेतलं, ते बटण दाबलं आणि म्हणाले, अरे बापरे, आज सकाळी एकशे चौऱ्याहत्तर! मी म्हटलं, आज सकाळी मी हे मशीन दंडाला लावलेलंच नाही. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तारीख आजची, वेळ आज सकाळची. अक्का, तो माझ्या आयुष्यातला किती आनंदाचा क्षण होता म्हणून सांगू! पट्ट्यात हात नसताना मशीन आकडा दाखवतं! मशीन खोटं, गोळी खोटी, अळणी भाजी खोटी! मी मास्तरांना दुकानात बसवलं आणि भर दुपारी घरी गेलो. दारातच उभं राहून भाषण ठोकलं. कुणाचाही हात नसताना हे यंत्र एकशे चौऱ्याहत्तर दाखवतं, याच्या जिवावर तुम्ही सगळ्यांनी माझं जिणं हराम केलंत, वगैरे वगैरे. भाषण चांगलं रंगलं होतं. तुमची बहीण टेबल पुसत होती. मी बोलत राहिलो आणि ती टेबलाचा तोच कोपरा पुसत राहिली. मग फडकं तसंच हातात धरून म्हणाली, "अहो, तो माझा हात होता."

मला कळेचना. मग हळूहळू बाहेर आलं. रोज सकाळी मी दाढी करत असताना ती पट्टा आधी स्वतःच्या दंडाला लावायची. मशीन नीट चालतंय ना, पट्टा फार आवळत नाही ना, ते बघायला. मी म्हटलं, अगं, मग एवढे मोठे आकडे बघून तुला काही वाटलं नाही? तर म्हणे, पहिला आकडा धरायचाच नसतो, नळाचं पहिलं पाणी कसं गढूळ येतं, सोडून द्यायचं असतं, तसं ते मशीन गरम व्हायचं असेल. आणि नंतर तुमचा आकडा बरोबर यायचा ना! म्हणजे बघा, रोज तिच्या दंडावर मशीन गरम होत होतं आणि गोळी मी गिळत होतो. मी तसाच दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी मला शांत बसवून, पंख्याखाली, पाठ त्या वाकड्या फ्रेमकडे करून, पुन्हा पुन्हा मोजलं. माझी गोळी बंद केली, अधूनमधून दाखवत जा म्हणाले. आणि मशीन हातात परत देताना म्हणाले, ज्यांचा हा पहिला हात आहे त्यांना लवकर घेऊन या, उशीर करू नका.

तेव्हापासून मी तिच्या मागे लागलो आहे आणि ती दाद देत नाही. मला काही होत नाही, म्हणते. सकाळी डोकं दुखतं ते तुमच्या आरडाओरड्याने. जिना चढताना दम लागतो तो जिन्यामुळे. मशीन माझ्या हाताला चुकीचं दाखवतं, तुमच्या हाताला बरोबर. मी आजारी पडले तर तुमच्या चहाचं कोण बघणार? मी समजावलं, ओरडलो, अबोला धरला. (अबोला दुपारपर्यंत टिकला.) लेकीकडून फोन करवला तर तिलाच उलट विचारते, तू जेवलीस का? मी पुरते हात टेकले आहेत. तेव्हा सगळ्या भांडणाचं मूळ असलेलं हे मशीन परत पाठवतो आहे. साडूभाऊंना लावा, शेजाऱ्यांना लावा, मला त्याचं तोंड बघायचं नाही. तुमच्या गुडघ्यांना आराम पडो.

तुमच्या घरचा धाकटा जावई
(रागीट, पण डॉक्टरांच्या मते सध्या ठीक)

ता. क. : मशीन पाठवत नाही. पार्सल बांधायला घेतलं, पण दोरीची गाठ मारवेना. अक्का, मशीनचं राहू द्या, तुम्हीच या. तुमच्या आईचं काय झालं ते मला हिच्याच तोंडून ठाऊक आहे. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गेल्या, हातात डाव होता, आणि त्यांच्या दंडाला कधी कुणी पट्टा लावला नव्हता. सगळ्यांना वाढून होईपर्यंत त्यांचं डोकं दुखतंय हे कुणाला कळलंही नाही. ही तश्शीच आहे. मला भीती वाटते, अक्का. सकाळी स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला नाही की मी साबण लावलेल्या तोंडाने बघायला जातो. ती जगात एकट्या तुम्हाला घाबरते. गुडघे दुखत असले तरी या, तिच्या दंडाला धरून दवाखान्यात न्या. मी लिहिलं म्हणून आलात असं मात्र म्हणू नका. साडूभाऊंचा एखादा फोटो घेऊन या आणि म्हणा, फ्रेम करायची आहे.

ता. क. दुसरा : दुकानातली पाकिटं संपली म्हणून पत्र घरी न्यावं लागतंय. कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो आहे.

ता. क. तिसरा : अक्का, हे अक्षर माझं आहे हे ओळखलं असशीलच. कोट झटकून ठेवावा म्हणून घेतला तर खिशात कागद. पाकिटात घालायच्या आधी वाचून पाहिलं. शुद्धलेखन बरं आहे, पण बूट चावत होते हे अजूनही माझं मत आहे. आईचं ह्यांनी लिहायला नको होतं. ते वाचलं आणि खाली बसले, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. साबण लावलेल्या तोंडाने हे रोज स्वयंपाकघरात का डोकावतात ते मला आज कळलं. मला वाटायचं, चहा झाला का बघतात. उद्या सकाळी मी डॉक्टरांकडे जाते आहे, ह्यांना सांगितलंय. तरी तू ये, पुढच्या खेपा असतीलच. मला धरायला नको, ह्यांना धरायला ये. मी आत गेले की हे बाहेर बाकावर बसून त्या फ्रेमवरून कुणाशी तरी भांडण काढतील. आणि मशीनची काळजी करू नकोस, ते अगदी बरोबर चालतं. मी आधी स्वतःवर लावून पाहिलंय.